गुलाबी ठिपक्याचे चिमटेवाले

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरच्यांनी याचा अर्थ असा लावला, की जगातलं जे जे कळत नाही ते आता हिला विचारायचं. टीव्हीवर मुंग्या का येतात, गॅसची टाकी या वेळी लवकर का संपली, गल्लीतला काळा कुत्रा कशामुळे लंगडतो. माझा विषय प्राणिशास्त्र आहे, बाकीचं मला येत नाही, असं मी एकदा धीर करून सांगितलं. त्यावर नाना म्हणाले, "मंग कुत्रा काय झाड शे का?"

नाना म्हणजे पप्पांचे काका. साक्रीकडच्या खेड्यातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला आमच्याकडे आले आणि ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून राहूनच गेले. पप्पा ट्रकवर असतात, महिन्यातून थोडेच दिवस घरी. त्यामुळे घरात आई, नाना आणि मी. आणि माझं एक ठरलेलं वाक्य. काहीही विचारलं की मी म्हणते, "बघून सांगते."

त्या हिवाळ्यात मात्र बघून सांगायचा प्रश्न आईचा होता, आणि तो साधा नव्हता.

आमच्या कॉलनीतल्या विहारात बुद्धांची नवी मूर्ती बसवायची ठरली होती. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला. रविवारच्या वंदनेनंतर कामं वाटून घेणं चाललं होतं. मंडप कोणाकडे, खीर कोण करणार, पाहुण्यांचा चहा कोण बघणार. फुलांचं आल्यावर एकजण म्हणाली, "बाजारातून मागवू." आई नेहमी सगळ्यांच्या मागे, दाराशी, चपलांजवळ बसते. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवसभर पोरांमागे ओरडते आणि बाहेर कुठेच बोलत नाही. तिथून आवाज आला, "मूर्तीपुढची फुलं माझ्या घरची आणते."

सगळ्या मागे वळून बघायला लागल्या. आईसुद्धा बघायला लागली, कोण बोललं म्हणून.

घरी येताना तिने मला विचारलं, "मी खरंच बोलले का गं?"

"बोललीस."

"माझ्या घरची, असं म्हटलं?"

"असंच म्हटलंस."

"बाई गं," आई म्हणाली आणि चालण्याचा वेग वाढवला, जणू फुलांना आत्ताच पाणी घालायचं राहिलंय.

आमची बाग म्हणजे मोरी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली पट्टी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं. पण त्या पट्टीत आईची पांढरी शेवंती आहे. अर्धी जमिनीत, अर्धी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत. त्या वर्षी कळ्या अशा लागल्या होत्या, की आई धुणं वाळत घालतानाही मान तिकडेच ठेवायची आणि चादरीऐवजी स्वतःच्या पदराला चिमटा लावायची. दिवाळीच्या सुट्टीत मामा आला होता. तो यावलला केळीच्या बागांमध्ये कामाला आहे. बहिणीकडे येताना लोक मिठाई आणतात. हा एसटीतून केळीच्या वाळलेल्या पानांचं पोतं घेऊन आला. "धुळ्याच्या नळाचा काही भरवसा नाही," तो म्हणाला, "झाडाखाली ही गोधडी घाल, ओल धरून ठेवते." आणि स्वतःच्या हाताने त्याने शेवंतीखाली पानं अंथरून दिली. भावाने एवढ्या लांबून आणलेली गोधडी, म्हणून आई त्या पानांवर पायसुद्धा देत नव्हती.

पहिली फुलं उमलली ती फाटकी. पाकळ्यांच्या कडा कोणीतरी कात्रीने कुरतडल्यासारख्या, आणि काही कळ्यांना आरपार भोक. आई एकेक फूल हातात धरून बघत राहिली. मला तेच जास्त जड गेलं.

किडा सापडला तो नानांना. नव्या डोळ्याने त्यांना सगळंच दिसायला लागलं होतं आणि जे दिसेल ते ते जाहीर करत. सकाळी चूळ भरायला मोरीजवळ गेले, काठीने केळीचं एक पान उचललं आणि ओरडले, "पोरी, धाव! इच्चूस्नी जत्रा भरेल शे!"

विंचू नव्हते. तपकिरी, चपटे, बोटाच्या पेराएवढे किडे होते. शेपटीला बारीक चिमटा. उजेड पडताच एकमेकांच्या अंगावरून पळत सुटले.

"तुनं कॉलेज काय म्हनस?" नानांनी विचारलं.

"बघून सांगते."

बघून म्हणजे आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना विचारून. मी मोबाइलवर फोटो दाखवला. सरांनी एका नजरेत ओळखला, इंग्रजी नाव सांगितलं आणि म्हणाले, "नावात कान आहे, कारण तिकडे पूर्वी लोकांना वाटायचं की हा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो. तसं काही नाही. ओल आणि अंधार बघून दडतो, रात्री बाहेर पडतो, कोवळं कुरतडतो. झाडांवरचा मावाही खातो, तसा अगदीच वाईट नाही." मराठीत काय म्हणतात, असं मी विचारलं. सरांनी फोटो पुन्हा पाहिला. "आपल्याकडे... चिमटा असलेला किडा म्हणायला हरकत नाही."

इथे मी प्रामाणिकपणा केला आणि तो नडला. घरी आल्यावर मी जसंच्या तसं सांगितलं: याच्या नावात कान आहे, लोकांना वाटायचं कानात शिरतो, पण शिरत नाही. मी 'पण'पर्यंत पोचायच्या आत आई कपाटाकडे गेली होती. परत आली ती दोन्ही कानांत कापूस घालून. उरलेला कापूस तिने नानांच्या कानांत घातला. त्यामुळे 'शिरत नाही' हा भाग मी जो काही सांगितला, तो कोणालाच ऐकू गेला नाही.

भिंतीपलीकडे काकी राहतात. मूळ राजस्थानचं जैन कुटुंब, बाजारात कापडाचं दुकान. आमच्या शेवंतीसारखीच त्यांची गुलाबाची आणि कोथिंबिरीची पट्टी आहे. चातुर्मासात त्या पालेभाजी खात नाहीत, म्हणून दिवाळीपर्यंत त्यांची कोथिंबीर फुलावर येऊन भिंतीवरून आमच्याकडे डोकावत असते. त्या दिवशी कोथिंबिरीतून काकी डोकावल्या.

"ताई, कानाला काय झालं?"

"काय?" आई म्हणाली.

"कानाला!"

"हां, कान! कानात जाणारे किडे निघालेत, भाभी. हिच्या कॉलेजात सांगितलं."

"कानखजूरा?" काकींच्या हातातली झारी खाली पडली. आम्ही ज्याला गोम म्हणतो त्याला त्या कानखजूरा म्हणतात. मी भिंतीकडे धावत गेले, "काकी, गोम नाही, चिमटेवाला आहे, आणि कानात जात नाही," असं ओरडले. पण काकी आत गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला कापूस संपला. रविवारी विहारात निम्म्या बायका कापूस घालून आल्या होत्या. प्रवचनाला आलेले गुरुजी म्हणाले, "मागे ऐकू येतंय ना?" मागून उत्तर आलं नाही. गुरुजींना वाटलं शांतता चांगली आहे.

हे सगळं मजेचं, पण शेवंती रोज फाटत होती आणि पौर्णिमा जवळ येत होती. विहारात भेटेल ती बाई आईला विचारायची, "मग, फुलं काय म्हणतात?" आणि आई हसून मान हलवायची. ती मान हलवण्याची तऱ्हा मला ओळखीची होती. तोंडी परीक्षेत मीही तशीच हलवते.

सरांनी उपाय लिहून दिले होते. उथळ डबीत तेल ठेवायचं. वासाने येतात, बुडतात, मरतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"बुडवून मारायचे?"

"हो. म्हणजे, तसं लिहिलंय."

"पंचशीलातलं पहिलं काय? रोज म्हणतेस ना?"

जीव घेऊ नये, हे पहिलंच.

"मग त्यांना तेलात बुडवायचं आणि त्याच झाडाची फुलं घेऊन तथागतांपुढे उभं राहायचं? मी नाही."

"एक चप्पल मारी का बठ्ठं खलास," नाना कॉटवरून म्हणाले. कानात कापूस असूनही त्यांना नेमकं हवं ते ऐकू यायचं.

"नाना, तुम्ही चप्पल नाही मारणार. आणि दुकानातलं औषधही नाही."

"मंग काय त्यास्ले चहा पाजू?"

दुसरा उपाय जिवंत पकडायचा होता. संध्याकाळी जुन्या वर्तमानपत्राच्या सुरळ्या करायच्या, पाणी शिंपडून ओल्या करायच्या आणि झाडांच्या बुडाशी ठेवायच्या. रात्रभर हिंडून चिमटेवाले पहाटे अंधारी, ओली जागा शोधतात आणि सुरळीत जाऊन बसतात. सकाळी सुरळी बादलीत झटकायची, की गोळा. हे जमलं. पहिल्या सकाळी बादलीच्या तळाशी नुसती वळवळ होती, आणि आई लांब उभी राहून दोन्ही हात कानांवर ठेवून म्हणाली, "बाई, किती गं!" आवाजात आनंद होता.

आता यांना सोडायचं कुठे? कॉलनीच्या टोकाला नाला आहे, तिथे झुडपं आहेत. आई सकाळी अंगणवाडीत, मी कॉलेजात. तेव्हा काम नानांकडे आलं. रोज सकाळी बादली घेऊन नाल्यापर्यंत जायचं आणि किडे सोडून यायचे. डॉक्टरांनीही चालायला सांगितलं होतं. आम्ही निघालो, की नाना काठी आणि बादली घेऊन उठायचे. संध्याकाळी मी विचारायची.

"सोडले का, नाना?"

"सोडी उनू."

"नाल्यावर?"

"मंग काय मुंबईले जाऊ?"

चिमटेवाले मात्र कमी होईनात. आज झटकले तेवढेच उद्या. शेवंतीच्या ज्या कळ्या शाबूत होत्या त्यांना आई बोटाने स्पर्श करून मोजल्यासारखं करायची आणि मध्येच थांबायची. एका संध्याकाळी ती सुरळ्या करता करता म्हणाली, "बाजारातून आणली फुलं, तर कोणाला कळणार आहे?" मी पुढची सुरळी भिजवली. तीच पुढे म्हणाली, "मला कळणार आहे."

मग मला माझ्या अभ्यासातलं आठवलं. जंगलात प्राणी किती आहेत हे काढायचं असेल तर काही पकडायचे, त्यांना खूण करायची, सोडायचे आणि पुन्हा पकडायचे. आमच्या सुरळीत रोज नवेच किडे येतात की तेच तेच परत येतात, हे खूण केल्याशिवाय कळणार नव्हतं. खुणेला माझ्याकडे गुलाबी नेलपेंट होतं, मावशीच्या लग्नात घेतलेलं. पण चिमटेवाला एका जागी बसत नाही. गारठवलं की किडे मंदावतात, हे मी वाचलं होतं. म्हणून मी सकाळचा माल श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातला, झाकणाला बारीक भोकं पाडली आणि डबा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला. कोथिंबीर आणि दुधाच्या पिशवीच्या मध्ये.

मी नेलपेंट शोधायला आत गेले, तेवढ्यात नानांनी फ्रिज उघडला.

ओरडणं ऐकून मी धावले तेव्हा नाना एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात झाकण घेऊन उभे होते. डबा ओट्यावर होता. नशिबाने किडे गारठलेले होते.

"हाई काय शे?"

"प्रयोग आहे, नाना."

"श्रीखंड कथं गयं?"

"ते दिवाळीत संपलं."

"मंग डबावर खोटं कसाले लिखेल शे!" नाना म्हणाले. किड्यांपेक्षा त्यांना श्रीखंड नसल्याचा राग जास्त आला होता. त्या दिवसापासून ते चिमटेवाल्यांना शत्रू मानायला लागले.

मी प्रत्येकाच्या पाठीवर एक गुलाबी ठिपका दिला. फार नाजूक काम, श्वास धरून करायचं. वाळल्यावर ते इतके छान दिसत होते, की आई जवळ येऊन बघून गेली. "हळदीला निघाल्यासारखे दिसतात," ती म्हणाली. मग नाना त्यांना बादलीत घेऊन नाल्यावर गेले.

तिसऱ्या सकाळी सुरळी झटकली तर बादलीत गुलाबी ठिपके!

नाल्यापासून आमच्या घरापर्यंत दोन गल्ल्या, एक रस्ता, आणि मध्ये पाण्याची टाकी. एवढ्या अंतरावरून एवढासा किडा बरोबर आमच्याच शेवंतीखाली परत येतो! कॉलेजात मी कधी आपणहून सरांच्या टेबलापाशी गेले नव्हते. त्या दिवशी गेले. अडखळत सगळं सांगितलं. सर खुर्चीत सरळ बसले. "दिशा ओळखून परत येतात? तू खूण केली होतीस? स्वतः?" मी हो म्हटलं. "नीट लक्ष ठेव," ते म्हणाले, "यातून प्रकल्प होईल." मी घरी पायी गेले, रिक्षात बसायचं विसरून.

नीट लक्ष ठेवायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तासाला गेले नाही. नाना बादली घेऊन निघाले तेव्हा मी मोरीच्या आडोशाला उभी होते. त्यांच्या मागोमाग नाल्यापर्यंत जायचं आणि किडे कुठल्या दिशेने निघतात ते पाहायचं, असा माझा विचार होता.

नाना बाहेरच्या दाराकडे वळलेच नाहीत. ते मागच्या पट्टीत आले, काठी भिंतीला टेकवली, इकडेतिकडे पाहिलं, आणि बादली उचलून भिंतीवरून पलीकडे उपडी केली. काकींच्या कोथिंबिरीत.

मला बोलायला तोंड उघडायचीही सवड मिळाली नाही. कारण त्याच वेळी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पलीकडून एक सुपली वर आली. सुपलीमागून काकींचा हात आला, हातात मऊ झाडणी. "जा बाबा, जा, सुखाने राहा," असं हळू आवाजात म्हणत काकींनी सुपली आमच्या शेवंतीवर अलगद झाडली. मग त्यांचं लक्ष नानांकडे गेलं. नानांचं त्यांच्याकडे. एकाच्या हातात रिकामी बादली, एकीच्या हातात रिकामी सुपली.

"नाना," काकी म्हणाल्या, "बादलीत काय होतं?"

"पानी."

"कोरडं पाणी?"

नानांनी काळा चष्मा नीट केला. "तुम्हना सुपलीमा काय व्हतं, बाई?"

"कचरा."

"त्याले सुखी ऱ्हाय म्हनी राह्यनात ते?"

सुपलीच्या कडेला अडकलेला एक चिमटेवाला काकींनी झाडणीच्या टोकावर घेतला आणि नानांच्या नाकासमोर धरला. पाठीवर गुलाबी ठिपका होता. "हा तुमचाच ना? मी म्हटलं, देवा, आमच्याकडे किडेसुद्धा टिकली लावून कसे यायला लागले!"

"आमना नही," नाना ठामपणे म्हणाले. "त्या त्यास्ना पायवर उनात."

मी आडोशातून बाहेर आले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनी एकदमच मला विचारलं, "तू कॉलेजात नही गयी?" "बेटा, आज कॉलेज नाही?"

माझा शोध, माझा प्रकल्प, सर खुर्चीत सरळ बसलेले, सगळं त्या भिंतीवर संपलं. मला रडू यायला हवं होतं. पण नाना बादली पाठीमागे लपवत होते आणि ती लपत नव्हती, आणि मला हसू आलं ते थांबेना. मग काकीही हसल्या, सुपली तोंडावर धरून.

संध्याकाळी अंगणवाडीतून आल्यावर आईला सगळं कळलं. ती आधी नानांना बोलली. "जीव वाचवायचा म्हणून पकडले आणि शेजारणीच्या दारात नेऊन टाकले?"

"नाला लांब शे," नाना म्हणाले. "अन् जीव तं वाचनाच ना?"

मग ती भिंतीशी गेली. "भाभी, माफ करा. पण तुम्ही तरी असं कसं केलंत?"

"ताई, जीव आहे. मारू कसा? आमच्या धर्मात चालत नाही. म्हटलं तुमच्याकडे झाडं जास्त, फुलं जास्त, तिकडे पोटभर खातील."

"खाल्लं की, भाभी," आई म्हणाली. "पोटभर खाल्लं." आणि तिचा आवाज बदलला. मूर्तीची गोष्ट तिने काकींना तेव्हा पहिल्यांदा सांगितली. सगळ्यांच्या मागून आपण काय बोलून बसलो, आणि आता झाडावर काय उरलंय. काकी ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, मग आधी नाही का सांगायचं? मी ते तुमच्याकडे सोडलेच नसते!"

"मग कुठे सोडले असते?"

काकींनी प्रामाणिकपणे विचार केला. "पलीकडच्या भिंतीवरून."

त्या संध्याकाळी मोहीम बदलली. मामाला फोन झाला. केळीची पानं काढायला लागतील, हे सांगताना आईला फार अवघड वाटत होतं. मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, ते किडे आमच्याकडचेच दिसतात. केळीच्या सोपटात, खोडाच्या सालींच्या आत, असतातच की. आम्हाला काही त्रास नाही त्यांचा. मी शनिवारी येतो, घेऊन जातो." शनिवारी त्याने सगळी गोधडी झटकत गोळा केली. आमच्या सुरळ्या, काकींच्या सुरळ्या, सगळं त्याच पोत्यात भरलं आणि तोंड सैलसर बांधलं, श्वास घेता यावा म्हणून. नाना दारापर्यंत सोडायला आले. "चालनात माहेरले," ते पोत्याकडे बघून म्हणाले आणि कानातला कापूस काढून खिशात ठेवला. यावलला पोचल्यावर मामाचा फोन आला. जळगावच्या स्टँडवर गाडी बदलताना कंडक्टरने विचारलं होतं, पोत्यात काय. मामाने सांगितलं, केळीची पानं. कंडक्टर म्हणाला, "यावलला केळीची पानं? तिकडे कमी पडली का?"

तरी काही उरलेच. सगळे कधीच जात नाहीत, असं सरही म्हणाले. सरांना मी खरं काय ते सांगितलं होतं. "सर, दिशा ओळखून नाही. मध्ये आमचे नाना आहेत." सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते, खांदे हलत होते.

उरलेल्यांवर उपाय काकींनी काढला. दुकानातून पांढऱ्या मलमलच्या चिंध्या आणल्या. आई, काकी आणि मी, तिघींनी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हात घालून प्रत्येक कळीला छोटी पुरचुंडी बांधली. हवा जाते, उजेड जातो, चिमटेवाला जात नाही. काकींना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून आई सारखी म्हणायची, "भाभी, तुम्ही जा आता," आणि काकी म्हणायच्या, "ही एक बांधते." शेवंती अशी दिसायला लागली जशी काही झाडाला लाडूच लागलेत. नानांनी दोनदा जवळ जाऊन खात्री करून घेतली.

पौर्णिमेच्या सकाळी पुरचुंड्या सोडल्या. आईने पहिली सोडली ती डोळे मिटून. आत फूल होतं. अख्खं, पांढरं, एकही कड न तुटलेलं. मग ती भराभर सोडत गेली आणि मी परडीत ठेवत गेले. परडी काठोकाठ नाही भरली. पण जी होती ती घरची होती. काकींनी भिंतीवरून बघितलं आणि झाडणी हलवून निरोप दिला.

विहारात आईला पहिल्यांदाच पुढे बोलावलं. फुलं तिनेच वाहायची. ती चपला काढून पुढे गेली, मूर्तीपुढे एकेक फूल ओळीने मांडलं. वंदना सुरू झाली. मी तिच्या मागेच होते, म्हणून मला दिसलं. मधल्या मोठ्या फुलाच्या पाकळ्या हलल्या आणि आतून एक चिमटेवाला बाहेर आला. पाठीवर गुलाबी ठिपका. पुरचुंडी बांधताना आमच्यापैकीच कोणीतरी त्याला आत बांधला होता आणि त्याने बिचाऱ्याने ते फूल खाल्लंही नव्हतं. तो पाकळीवरून उतरला आणि मूर्तीच्या पांढऱ्या चौथऱ्याकडे चालायला लागला.

पहिलं शील म्हणणं चालू होतं. आईने हात जोडलेले होते; त्यातला एक सुटला, पुढे आला आणि अलगद त्याच्यावर मिटला. दुसऱ्या क्षणी तिचा चेहरा आक्रसला. त्याने मुठीत चिमटा काढला असणार. पण मूठ उघडली नाही. मूठ छातीशी धरून, ओठ घट्ट दाबून, ती शेवटच्या शब्दापर्यंत उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं. शेजारची बाई मला हळूच म्हणाली, "किती श्रद्धा आहे गं तुझ्या आईची." मी मान हलवली. तोंडी परीक्षेतली.

वंदना संपताच आई बाहेर निघाली. पण दारात बायकांनी अडवलं. फुलं फार सुंदर, एक पाकळी तुटलेली नाही, कुठून आणलं रोप, कसली काळजी घेता. आई मिटलेली मूठ पदराआड धरून उभी. आत तो पुन्हा चावला असावा, कारण ती एकदम ताठ झाली.

"मग पुढच्या पौर्णिमेलाही फुलं तुमच्याच घरची?" त्यांच्यातल्या एकीने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग मुठीकडे.

"बघून सांगते," ती म्हणाली, आणि विहाराच्या मागच्या झुडपांकडे जवळजवळ पळत गेली.